मालकांचं नाव काय?

आमच्या स्वयंपाकघरात हल्ली रोज लिलाव होतो. मी ओट्याशी उभी असते, दूध वर यायला लागलेलं असतं, मी हात मागे करते आणि म्हणते, "अगं, ते हे दे." झालं! पोळ्या लाटणारी बाई पहिली बोली लावते, "झारा?" जेवायला बसलेल्यांपैकी कुणीतरी ओरडतो, "मावशी, उलथणं का?" दुसरा म्हणतो, "चाळणी!" आतल्या खोलीतून आमचे मालक विचारतात, "काय, मीठ संपलं?" या सगळ्या हुशार मंडळींची बोली संपेपर्यंत दूध शेगडीवर पसरलेलं असतं. मग मला शब्द आठवतो. सांडशी. आता सांडशी घेऊन काय शेगडीची आरती करू?

लोकांना वाटतं, म्हातारीच्या डोक्यातून वस्तूच गेली. वस्तू कुठे जाते? सांडशी मला डोळ्यांसमोर लख्ख दिसत असते, तिचा एक पाय वाकडा आहे तोसुद्धा दिसतो. फक्त नाव येत नाही. आणि जरा दम धरला तर येतंही, पण दम धरतो कोण? माझं वाक्य अर्ध्यावर थांबलं रे थांबलं की सगळे त्यावर तुटून पडतात. लिहिताना मात्र मला शब्द बरोबर सापडतात, कारण कागद मध्ये तोंड घालत नाही. तेव्हा इथे मी ऐटीत बोलणार आहे, कुणी अडवू नये.

भोसरीत माझी खानावळ आहे. खानावळ म्हणजे काय, घराची पुढची खोली, दोन लांब बाकं आणि मी. इथल्या वर्कशॉपमध्ये काम करणारी, खोल्या घेऊन राहणारी पोरं माझ्याकडे जेवतात. फर्स्ट शिफ्टची जातात तोवर सेकंडची येतात, नाईटवाल्यांचे डबे भरायचे असतात. पोरांची नावं मी कधी पाठ केली नाहीत. जो जिथून आला त्या गावाने हाक मारायची. "ए लातूर, ताक घे." "बीड, भात वाढू का?" परभणीचे दोघं आले तेव्हा एकाला मोठा परभणी म्हटलं, दुसऱ्याला धाकटा. आम्हीही मराठवाड्यातलेच, लग्न होऊन आले ती थेट इथेच. त्यामुळे नावं विसरण्याचा आरोप माझ्यावर कुणी ठेवू नये, जी कधी धरलीच नाहीत ती सुटणार कुठून?

पण लक्षाचं तसं नाही. लक्ष माझं पूर्वी घारीसारखं होतं. हाताने भाकरी थापतेय, डोळ्याने फोडणी बघतेय, एका कानाने लातूर आणि बीडचं भांडण ऐकतेय आणि दुसऱ्या कानाने रेडिओ. वर भांडणाचा निकालही मीच द्यायची. आता भाकरी थापताना कुणी नुसतं "मावशी" म्हटलं की भाकरी तरी फाटते नाहीतर उत्तर तरी. एका वेळी एकच काय ते मागा. डोक्याच्या दाराला आता एकच फळी उघडी आहे, दोघांनी मिळून घुसायचं नाही.

मालकांची आणखी वेगळी तऱ्हा. आमचे हे म्हणजे टर्नर होते, उभा जन्म लेथवर गेला, आणि त्या मशिनींनी यांचे कान घेतले. मुलाने चांगलं कानाचं मशीन आणून दिलंय. ते कपाटात, लुगड्यांच्या खाली, आराम करत असतं. "टोचतं" म्हणे. तेव्हा आमचा संसार सध्या असा चाललाय की मला शब्द सापडत नाही आणि सापडलेला यांना ऐकू जात नाही. भांडणं मात्र अजिबात कमी झालेली नाहीत. ती कशी जमतात, देव जाणे.

आमच्या घरमालकीणबाई इथल्याच, गावातल्या जुन्या घरच्या. त्यांच्या शेतावर आता चार मजली इमारत उगवली आहे, पण बोलणं अजून बांधावरचंच. त्या म्हणाल्या, "आगं, त्यात काय येवढं! वय झाल्यावं जीभ आडकायचीच. आमच्या सासूबाई मला म्हशीच्या नावानं हाक मारायच्या. मी न्हाई चिडले. म्हस लई दूध द्यायची." असा धीर शत्रूलासुद्धा कुणी देऊ नये.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं ते कुकरपर्यंत. त्या दिवशी डाळ धुऊन कुकरमध्ये टाकली. पाण्याचा तांब्या हातात घेतला तोच सोलापूर दारात येऊन म्हणाला, "मावशी, आज डबा नको, ओव्हरटाइम आहे, तिकडेच खातो." खाली टँकरवाला हॉर्न वाजवत होता. आणि मोरीतून मालक, "टॉवेल! अगं टॉवेल!" मी सोलापूरला बरं म्हटलं, टॉवेल दिला, तांब्यातलं पाणी स्वतः प्यायले आणि कुकरचं झाकण लावून मोकळी झाले. पुढे शिट्टी झालीच नाही. धूर झाला. झाकणावरची ती सेफ्टीची बारकी गोळी वितळली, जळक्या डाळीचा वास पार घरमालकीणबाईंच्या गच्चीपर्यंत गेला. कुणाला काही झालं नाही, एक कुकर गेला. पण पोळ्यावाल्या बाईने इमानदारीने माझ्या मुलाला फोन लावला.

आमचे चिरंजीव चाकणला एका मोठ्या कंपनीत क्वालिटीत आहेत. तिकडेच फ्लॅट घेतलाय, सून, सोसायटी, लिफ्ट, सगळं आहे. तिथे एखादा पार्ट बिघडला की का, का, का असं विचारत मुळापर्यंत जायचं असतं म्हणे. तर हा रविवारी आला आणि मला बाकावर बसवून सुरू झाला.

"आई, डाळ का जळली?"

"पाणी नव्हतं म्हणून."

"पाणी का नव्हतं?"

"मी घातलं नाही म्हणून."

"का नाही घातलंस?"

"विसरले."

"का विसरलीस?"

"तुझे वडील टॉवेल मागत होते."

"ते टॉवेल का मागत होते?"

"ओले होते म्हणून, बाबा!"

म्हणजे कंपनीच्या शास्त्राप्रमाणे सगळा दोष वडिलांच्या अंघोळीचा निघाला. सून तोंडाला पदर नसताना पदर लावल्यासारखी हसली. पण तो नाही हसला. म्हणाला, "आई, पुढच्या वेळी गोळी नाही वितळली तर? पंधरा पोरं जेवायला बसलेली असतात." खरं होतं ते.

मग त्याने निकाल सांगितला. चिंचवडला म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे जायचं. त्या म्हणाल्या ठीक आहे, तर खानावळ चालू. त्या म्हणाल्या ठीक नाही, तर महिनाअखेरीस खानावळ बंद आणि आम्ही दोघं चाकणच्या फ्लॅटवर. तिथे तुला काही म्हणजे काही करावं लागणार नाही, असं म्हणाला. किती प्रेमाने म्हणाला! मी त्या फ्लॅटवर जाऊन आलेय. सोफा आहे, मऊ आहे. एकदा बसलं की उठता येत नाही. समोर टीव्ही, खाली पार्किंग, आणि विचारायला कुणी नाही की मावशी, भाजी काय केलीय. मला खरंच भीती वाटली. मरणाची नाही वाटत तेवढी त्या सोफ्याची वाटली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्यात बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग "अहो", "हे", "मालक", आणि पोरगं झाल्यावर त्याचे बाबा, यावर सगळं भागतं. घ्यायचंच तर उखाण्यात घ्यायचं, लग्नात नाहीतर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. मला उखाणा एकच येतो. तोच मी जन्मभर घेतला. बायका म्हणायच्या, "अगं, आता तरी नवीन घे की." मी म्हणायची, नवरा जुनाच आहे, उखाणा कशाला नवा? आमची सून नवऱ्याला सरळ नावाने हाक मारते, तीही एकेरी, आणि तो धावत जातो. त्याचं आयुष्य कमी झालेलं दिसत नाही, फक्त आराम कमी झालाय.

तर आम्ही दवाखान्यात गेलो. मी, मालक आणि मुलगा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आपल्याकडच्याच, आवाज गोड. मी ठरवूनच गेले होते की आज तोंड सांभाळायचं, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, "आज आमच्याकडे मटकी. म्हणजे बुधवार." त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी तीन शब्द दिले, आंबा, खुर्ची, बस. हे लक्षात ठेवा, नंतर विचारते. मग म्हणाल्या, जेवढ्या आठवतील तेवढ्या भाज्यांची नावं सांगा.

मला वाटलं, हा तर पेपरच फुटला! जन्मभर भाज्याच निवडतेय. वांगं म्हटलं, मेथी म्हटलं, भोपळा, गवार, दोडका असं धडाधड चाललं होतं. आणि मग गाडी बसली. मंडई सगळी डोळ्यांपुढे मांडलेली, हिरवीगार, ढिगारेच्या ढिगारे, आणि एकाही ढिगाऱ्याला नाव नाही. मी म्हटलं, "भोपळा." जरा थांबले, घाम पुसला. म्हटलं, "भोपळा." खानावळवाली बाई, आणि भाजी म्हणून भोपळा! शाळेतली पोरं परीक्षेत काढतात तो भोपळा मी तोंडाने काढला. मुलगा खाली फरशीकडे बघत होता.

मग त्या म्हणाल्या, मघाचे तीन शब्द? आंबा आला, खुर्ची आली. तिसरा काही केल्या येईना. मी म्हटलं, "बाई, तिसरं ते. जे कधी वेळेवर येत नाही ते." डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की पेन खाली पडलं. भोसरीच्या स्टॉपवर उभं राहिलेल्या कुणालाही याचे पूर्ण मार्क द्यावे लागतील. त्यांनी किती दिले कोण जाणे.

आणि मग त्या सहज म्हणाल्या, "हे शेजारी बसलेत ते कोण?"

"आमचे मालक."

"मालकांचं नाव काय?"



त्या थांबल्या. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मालक माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात मुलगा पुढे सरकून म्हणाला, "मॅडम, आई जुन्या वळणाची आहे. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत." आणि डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, माझ्या लक्षातच आलं नाही! माझी आजीपण नाही घ्यायची!" त्यांनी तिथे बरोबरची खूण केली, मला दिसली. मुलगा हसला, त्या हसल्या, मीही मान खाली घालून, लाजल्यासारखं हसले.

काय लाजले, डोंबल! मी मूर्ख आहे का? खानावळ पणाला लागलेली असताना मी सासूबाईंचा कायदा पाळत बसेन? घरून निघतानाच मनाशी ठरवलं होतं की विचारलं तर सरळ तोंडावर नाव घ्यायचं, आयुष्य कमी व्हायचं ते होऊ दे, आता कमी व्हायला तरी किती उरलंय! मी नाव घ्यायला तोंड उघडणारच होते. आणि नाव नव्हतं. सांडशी अडते तसं अडलं नव्हतं, शोधायला गेले ती जागाच मोकळी होती. समोर माणूस सगळाच्या सगळा बसलेला, टक्कल, कानातले केस, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं की वयोमानाने असं होतं, शब्द उशिरा येतात, एका वेळी एकच काम करत जा. औषध दिलं, सहा महिन्यांनी परत बोलावलं, आणि गॅसपाशी एकटं राहायचं नाही म्हणाल्या. खानावळीला हरकत नाही. मुलगा एवढा खूश की येताना त्याने वाटेत थांबून आम्हाला उसाचा रस पाजला. घरी पोरं वाटच बघत होती. "मावशी, पास ना? एटीकेटी तर नाही लागली?" मी म्हटलं, "फर्स्ट क्लास! बसा, ताटं घ्या." लातूरने शिट्टी मारली. घरमालकीणबाई वरून म्हणाल्या, "व्हय गं, मी म्हनलं नव्हतं का!" त्या दिवशी मटकीच्या जोडीला भाजी भोपळ्याची केली होती, मुद्दाम नव्हे.

जेवणं उरकली. पोळ्यावाली बाई गेली, पोरं गेली. मी भिंतीला टेकून सूप मांडीवर घेतलं, उद्याची ज्वारी निवडायला. मालक आतून आले. बघते तर कानात मशीन. लग्नकार्याला, मुलाने हातापाया पडल्यावर घातलं नाही ते मशीन! समोर मांडी घालून बसले आणि नेहमीसारखं ओरडून नाही, हळू म्हणाले, "घे."

"काय घे?"

"माझं नाव."

"आज काय हळदीकुंकू आहे वाटतं?" मी म्हटलं. "पोरं ऐकतील."

"कुणी नाहीये. घे."

"नाही घेत जा. आयुष्य कमी होईल."

ते म्हणाले, "तिथं तू लाजली नव्हतीस. तुझं लाजणं मी ओळखत नाही होय?"

यांना ऐकू येत नाही म्हणून मी यांना अख्खं बहिरं धरलं होतं. मला रडूच फुटलं. म्हटलं, "नाही आठवत हो. तुमची शप्पथ, नाही आठवत. तिथंही नाही आठवलं, आत्ताही नाही." दारावर पाटी आहे, त्यावर नाव आहे. उठून बघून आले असते तर काम झालं असतं. पण पाटी वाचून नवऱ्याला त्याचं नाव सांगायचं, इतकी वाईट वेळ माझ्यावर अजून आलेली नाही, असं मला वाटलं. यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. लेथवर बोट चिरलं तेव्हा हा माणूस "काही नाही" म्हणत घरी आला होता. तो माणूस त्या दिवशी माझ्यासमोर भ्यालेला बसला होता. आणि त्याला धीर द्यायला मला त्याला हाकसुद्धा मारता येत नव्हती.

काहीतरी करायचं म्हणून मी सूप उचललं. ज्वारी पाखडली. हाताला खडा लागला, तो काढून बाजूला टाकला, आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं,

"सुपात घेतली ज्वारी, निवडते मी खडे..."

मी थांबले नाही. थांबले असते तर लिलाव झाला असता. डोळे मिटले आणि पुढे म्हणत गेले, आणि नाव आलं. आलं हो! ज्वारीच्या मागोमाग, रावांसकट, आपल्या पायांनी चालत आलं आणि पाठोपाठ "नाव घेते सासूबाईंच्या पुढे" हेही आलं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांच्या पुढे म्हणून का होईना, आलं. मी आनंदाने परत एकदा घेतलं, मोठ्याने, मग उखाण्याशिवाय नुसतंच घेतलं, नवऱ्याला नव्हे तर गल्लीतल्या पोराला हाक मारावी तसं.

मालकांनी ओ दिली.

मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो का, का विचारत बसेल आणि शेवटी सोफा येईल. मालक आता कुकर लावताना माझ्याशेजारी स्टूल टाकून बसतात. मी पाणी घातलं की "घातलं" म्हणतात, जणू लेथवर जॉबच लागलाय. वैताग आहे, पण बसू देते. आणि रोज दुपारी, सगळे गेले की, कानात मशीन घालून समोर येतात. मी उखाणा घेते, ते ओ देतात. सासूबाईंच्या हिशेबाने एव्हाना यांचं कितीतरी आयुष्य मी खाऊन टाकलं असणार. अजून तरी ठणठणीत आहेत, परवा भजी मागत होते.

फक्त एकदा मी खड्यांपाशी अडले. सूप हातात तसंच राहिलं. यांनी घाई केली नाही, बोली लावली नाही. वाट बघितली, आणि मग घसा साफ करून पुढचं स्वतःच म्हटलं. माझ्या वतीने, स्वतःचंच नाव, रावांसकट, सासूबाईंच्या पुढे. ओ मग मी दिली.